फाटकाबाहेरचा फलंदाज

मेडस्टन,
मे महिना, सोमवार सकाळ

प्रिय डॉर्कस,

तुला 'तू' म्हणायची परवानगी मी कधी मागितली नाही आणि तू ती दिलेलीही नाहीस. गेल्या सप्टेंबरपासून तर मी तुला 'मिस टॅप्सेल' म्हणत होतो, तेही तुझ्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीकडे बघत. तरी आज पहिल्याच ओळीत हे धाडस केलंय. राग आला तर पत्र चुलीत घाल, पण वाचून मग घाल. आणि तुझ्या मेव्हण्याला सांग, पाकिटावर वकिलाचा शिक्का दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. तिकडे लिंकनशायरमधल्या कुणावरही मी खटला भरलेला नाही. खटला एकच होता, तुमच्या मैदानाचा, आणि तो संपला. तुझ्या वडिलांच्या हाताला रंधा जेवढा वळणावर आहे तेवढी लेखणी नाही, तेव्हा सगळी हकीकत मलाच लिहायला हवी.

आधी त्यांचीच खबर ऐक. जेबेझबाबांची तब्येत ठणठणीत आहे. गुडघा थंडीत कुरकुरला, पण आता चेरीला फुलं आली तसे ते पुन्हा कारखान्यात उभे राहून गाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवायला लागले आहेत. स्वयंपाक स्वतः करतात. म्हणजे रविवारी मोठ्या भांड्यात मटणाचा रस्सा रटरटवतात आणि पुढच्या शनिवारपर्यंत त्यालाच रोज नवं नाव देतात. गेल्या आठवड्यात मला आग्रहानं बसवून घेतलं. चव विचारू नकोस. तुझी खुर्ची कुणाला देत नाहीत, मांजर बसलं तरी हुसकतात. तुझं नाव घेत नाहीत, पण बोलता बोलता 'ती असती तर' एवढं म्हणून थांबतात. मग मला आणखी रस्सा वाढतात.

आता मैदानाची गोष्ट. तुला आठवत असेलच, मागच्या जूनमध्ये थॅकवेलच्या माणसांनी आपल्या, म्हणजे तुमच्या, पेलिंगहर्स्टच्या गायरानात खुंट्या ठोकल्या. साखरेच्या व्यापारात गबर झालेल्या या गृहस्थानं जहागिरी विकत घेतली आणि स्टेशन जवळ आलं तसं त्याला वाटलं, जिथे शनिवारी पोरंटोरं चेंडू मारतात तिथे लंडनवाल्यांसाठी बंगले उठवावेत. कागदावर जमीन त्याचीच, त्यात वाद नाही. पण तिच्यावर खेळायचा हक्क गावाचा, आणि तो गावकऱ्यांच्या आजोबांच्या आजोबांपासूनचा. जेबेझबाबांनी भर दुपारी खुंट्या उपटल्या, त्यातल्या चांगल्या निवडून त्यांच्याच यष्ट्या केल्या आणि सामना खेळवला. थॅकवेलनं घुसखोरीचा दावा लावला. गाव हरलं असतं तर मैदान गेलंच असतं, वर त्या खर्चात तुझ्या वडिलांचा कारखानाही गेला असता. मी काम अंगावर घेतलं तेव्हा छाती काढून म्हणालो होतो, काळजी सोडा. वकिलानं हे वाक्य कधी उच्चारू नये.

झालं असं की साक्षी गोळा करायला मी घरोघर फिरलो. तुमच्या गावातला प्रत्येक म्हातारा माझ्यासमोर पाइप पेटवून एकच गोष्ट अभिमानानं सांगायचा: आमच्या मैदानावर कुणीही यावं, कुठूनही यावं, आम्ही कुणाला ना म्हणत नाही. शेजारच्या गावचा पाववाला आमच्याकडून खेळला, कालव्यावरचा नावाडी खेळला, एकदा तर वाट चुकलेला पाद्री खेळला. ऐकून मी वही मिटली. कायदा असा आहे डॉर्कस, की एका गावाच्या लोकांचा वहिवाटीचा हक्क कोर्ट मानतं. पण 'जो येईल त्याचा' हक्क मानत नाही. जे जगातल्या सगळ्यांचं ते कुणाचंच नाही. म्हणजे तुमच्या गावाचा मोठेपणा हाच तुमच्या गळ्याचा फास. मी कळवळून सांगितलं, बाबांनो, कोर्टात एवढं मात्र बोलू नका. तर ते माझ्यावरच फुगले. आम्ही काय कंजूष आहोत असं सांगू, म्हणाले.

आणि त्या परक्यांत सगळ्यात मोठा परका कोण? मी. मेडस्टनला राहणारा, तुमच्या गावात चिमूटभर माती नसलेला, आणि कित्येक उन्हाळे तुमच्या गावाकडून सर्वांत जास्त धावा काढणारा हॉरेस व्हेनिंग. थॅकवेलच्या वकिलाला हे शोधायला दुर्बीण लागणार नव्हती.

मी पहिल्यांदा गावात आलो तो दिवस तू विसरली नसशील. तेव्हा मी नुकताच काऊंटीच्या संघात खेळायला लागलो होतो आणि स्वतःला कुणीतरी समजत होतो. काऊंटीच्या मैदानावर आम्हा हौशी लोकांना एक दार आणि पैसे घेऊन खेळणाऱ्यांना दुसरं. सुशिक्षित घरातला आहेस, फुकट खेळतोस, बस, सरळ आत जा, कुणी विचारत नाही. त्याच तोऱ्यात मी पेलिंगहर्स्टच्या फाटकाला हात घातला, तर आतून तू आलीस. हाताला पीठ, कडेवर बिअरचा मोठा चंबू. म्हणालीस, परका माणूस हंगामातल्या पहिल्या दिवशी टोपी काढून विचारतो, मग आत येतो. मला ती खेड्यातली गंमत वाटली. मी हसत टोपी काढली, 'येऊ का आत?' विचारलं, तू 'या' म्हणालीस आणि मी विसरूनही गेलो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तुझ्या आधी तुझी आई विचारून घ्यायची, तिच्या आधी तिची सासू. खाण्यापिण्याचा तंबू ज्या बाईकडे, 'या' म्हणायचा मान तिचा.

मग तो पावसाचा शनिवार आला. मी बग्गीतून उतरलो, धो धो सरी, आणि मी टोपी न काढता विचारलं. तू म्हणालीस, 'टोपी घालून विचारलंत म्हणजे विचारलंच नाही.' मी वकिली केली. पाऊस आहे, टोपी हे कपड्यांत मोडतं, शिवाय गेल्या वर्षीची परवानगी चालू धरता येईल. तू सगळं शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, 'नाही.' तुला वाटलं मी टोपी काढीन, मला वाटलं तू फाटकाची कडी काढशील. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, अशी दोघांचीही जात. पाऊस थांबला, सामना सुरू झाला, एक फलंदाज कमी म्हणून तुमचं गाव सपाटून हरलं आणि मी फाटकाबाहेर उभा. चहाच्या वेळेला तू मांस भरलेल्या पेस्ट्रीचा गार तुकडा एका ताटलीत घालून फाटकावरून माझ्या हातात दिलास. आत घेतलं नाहीस, पण उपाशीही ठेवलं नाहीस. घरी जाताना मी ओला चिंब होतो आणि मला उगाचच आनंद झाला होता. तेव्हापासून मी तुमच्या गावात काही क्रिकेटसाठी येत नव्हतो. हे तुला ठाऊक होतं, तुझ्या वडिलांना ठाऊक होतं, तंबूत भांडी घासणाऱ्या बायकांनाही ठाऊक होतं. मागच्या उन्हाळ्यात दर शनिवारी मी तुला घरापर्यंत सोडायला यायचो, आणि वाट मुद्दाम बिअरमध्ये घालायच्या हॉपच्या वेलींच्या मळ्यावरून लांबची धरायचो. तूही कधी जवळची वाट दाखवली नाहीस.

आणि मग सप्टेंबरमधलं ते सुगीचं जेवण. तू समोर बसली होतीस. निळी फीत लावली होतीस, शेजारची खुर्ची धरून ठेवली होतीस. त्या संध्याकाळी मी बोलणार हे सगळ्या टेबलाला माहीत होतं, मलाही होतं. तेवढ्यात जेबेझबाबा बिअरचा पेला उंचावून उभे राहिले आणि गरजले, 'परक्याला या गावानं कधी ना म्हटलं नाही!' सगळ्यांनी टेबलं बडवली. आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं, की हे खोटं आहे. मला म्हटलं होतं. पावसात म्हटलं होतं. परक्याला विचारावं लागतं आणि गाव त्याला नाही म्हणू शकतं, याचा अर्थ मैदान येईल त्याचं नाही, गावाचं आहे. अख्ख्या खटल्याची किल्ली तुझ्या त्या एका 'नाही'मध्ये होती. पण हे गावच्या माणसानं सांगून ज्यूरी कशाला मानेल? स्वतःच्या फायद्याचं कुणीही सांगेल. ते सांगायला परकाच हवा. ज्याला गावात ना घर, ना जमीन, ना सोयरीक, असा. मी त्या संध्याकाळी तुला मागणी घातली असती, तर दुसऱ्या दिवशी तो परका उरला नसता.

म्हणून मी उठलो, 'गुड नाइट, मिस टॅप्सेल' म्हणालो आणि निघून आलो. तुला का नाही सांगितलं, हे विचारशील. विचारायलाच हवं. तुलाही साक्षीला बोलावतील ही भीती होती. शपथेवर तुला विचारलं असतं की व्हेनिंगनं तुम्हाला काही वचन दिलंय का, तर तू खोटं बोलली नसतीस, आणि खरं बोलली असतीस तर मैदान गेलं असतं. तेव्हा एकच मार्ग होता, तुझ्याकडे सांगण्यासारखं काही असूच नये. अळीमिळी गुपचिळी. मी खटल्याचे कागद माझ्या भागीदाराकडे सोपवले आणि स्वतः साक्षीदारांत नाव घातलं. ऑक्टोबरमध्ये तू बहिणीकडे निघून गेलीस. स्टेशनवर मी आलो होतो, मालधक्क्याच्या बाजूला उभा होतो. तू खिडकीतून एकदाही मागे पाहिलं नाहीस. मला फार वाईट वाटलं, डॉर्कस. पण आज पुन्हा ती वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन, आणि हे तुला माहीत असलेलं बरं.

मार्चमध्ये इथल्या कोर्टात खटला उभा राहिला. जेबेझबाबांना आम्ही महिनाभर पढवलं होतं, की विचारलं तेवढंच बोला. नवा कोट, घट्ट कॉलर, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले. सुरुवात झकास झाली. आजोबा खेळायचे, पणजोबा खेळायचे, मेंढ्या आधी हाकलायच्या, मग खेळायचं. मग थॅकवेलचा लंडनहून आणलेला बॅरिस्टर उठला. गोड आवाजात म्हणाला, तुमच्या गावच्या आतिथ्याची फार ख्याती ऐकलीय. बस्स! म्हातारा फुलला. 'साहेब, साठ वर्षांत आम्ही कुठल्याही गावच्या माणसाला परत पाठवलेलं नाही,' असं म्हणून त्यानं आपण होऊन पायावर धोंडा पाडून घेतला. बॅरिस्टर आभार मानून खाली बसला. आमच्या बाकावर कुणी कुणाकडे बघेना. जेबेझबाबा खाली येऊन माझ्या कानात विचारतात, कसं बोललो?

मग माझं नाव पुकारलं. मी फाटकाचं सांगितलं, टोपीचं सांगितलं. बॅरिस्टरला वाटलं, सावज आयतंच आलं. म्हणाला, म्हणजे काऊंटीच्या संघात उमरावांबरोबर खेळणारे आपण, चाकं करणाऱ्या सुताराच्या मुलीची परवानगी मागता? मी म्हणालो, हो, दर वर्षी. त्यानं विचारलं, ही खेडवळ गंमतच ना? मी म्हणालो, मलाही तसंच वाटायचं. मग तो हसत म्हणाला, आणि त्या बाईंनी नकार दिला असता तर? मी म्हणालो, दिला होता. न्यायाधीशांनी चष्मा वर केला आणि सगळं सविस्तर सांगा म्हणाले. मी पाऊस, बग्गी, टोपी, माझी वकिली, तुझं उत्तर, सगळं सांगितलं, तो पेस्ट्रीचा तुकडासुद्धा. ज्यूरीतले शेतकरी आणि दुकानदार हसून हसून लाल झाले. तेव्हा ज्यांना वाटलं होतं मैदान येईल त्याचं, त्यांना दिसलं की फाटक आहे आणि फाटकाला मालक आहे.

बॅरिस्टर हुशार होता. शेवटी एकच प्रश्न विचारला, आणि त्याच प्रश्नाची मी सप्टेंबरपासून वाट बघत होतो. 'मिस्टर व्हेनिंग, या गावात तुमचं कोण आहे? घर, जमीन, नातं, एखादं वचन, एखादी आशा दाखवलेली?' मी म्हणालो, 'कोणी नाही. काही नाही. मी तिथं परका आहे.' शब्दन् शब्द खरा होता. हातात बायबल होतं. वेगवान गोलंदाजाचा चेंडू बरगडीत बसल्यावरही मी कधी तोंड वाकडं केलेलं नाही, पण ते वाक्य बोलून खाली उतरताना मला कठडा धरावा लागला. समोर जेबेझबाबा बसले होते. इतका वेळ सगळ्यांबरोबर हसत होते, ते हसायचे थांबले. मला वाटतं त्यांना त्या क्षणी सगळं समजलं, सप्टेंबरसकट.

ज्यूरीनं गावाच्या बाजूनं कौल दिला. थॅकवेलनं खुंट्या काढून नेल्या. आता कुणी बंगले बांधणार नाही. गावात काय धिंगाणा झाला ते तुला बहिणीच्या गावापर्यंत ऐकू आलं असेल. मी मात्र गेलो नाही. म्हटलं, हंगामाचा पहिला शनिवार येऊ दे, रीतीनं जाऊ.

तो परवा आला. ऊन छान पडलं होतं, मेंढ्या बाजूला केल्या होत्या, पलीकडच्या गावचा संघ येऊन बसला होता. मी बॅट बगलेत मारून फाटकाशी गेलो, टोपी काढली आणि विचारलं, 'येऊ का आत?' कुणी बोलेना. पुन्हा विचारलं. अकराच्या अकरा जण हाताची घडी घालून उभे, आणि तंबूतल्या बायका पदार्थांवरच्या माशा हाकलण्यात गुंग. मला वाटलं, थट्टा आहे, मी हसलो. तेवढ्यात पंचाचा पांढरा डगला घातलेले जेबेझबाबा खेळपट्टीवरून सावकाश चालत फाटकापाशी आले. मैदानात ते कुणालाच अहोजाहो करत नाहीत, तुला माहीत आहे. म्हणाले, 'तू कोर्टात शपथेवर सांगितलंस, या गावात माझं कोणी नाही, आणि आत घ्यायचं की नाही ते तिनं ठरवायचं. मग आता आम्हाला कशाला विचारतोस? जिनं सांगायचं ती इथं नाही. तिला विचार.' एवढं बोलून म्हातारा वळला आणि खेळ सुरू केला. ज्या मैदानासाठी मी एवढं केलं त्या मैदानावर मला पाऊल टाकू दिलं नाही. तुमचं गाव पुन्हा सपाटून हरलं आणि सगळे खुशीत घरी गेले.

तेव्हा विचारतोय. याचसाठी हे पत्र. काऊंटीकडून बोलावणं आलं होतं, मी कळवून टाकलं की मला आधी एका फाटकातून आत जायचंय, तोवर कुठेच खेळणार नाही. तुमच्या गावात घर घेतलेलं नाही, अंगठी केलेली नाही, कुणाला काही बोललेलो नाही, कारण तू 'या' म्हणण्याआधी आत पाऊल टाकणं ही घुसखोरी होईल. 'नाही' म्हणायचा तुला पूर्ण हक्क आहे, तो मी स्वतः कोर्टात सिद्ध करून दिलाय. म्हणालीस तर ऐकून घेईन, वकिली करणार नाही. पण उत्तर पत्रानं पाठवू नकोस. इथे येऊन, त्या फाटकाशी उभी राहून, तोंडानं दे. येणारा प्रत्येक शनिवार, सप्टेंबर संपेपर्यंत, मी बाहेरच्या बाजूला उभा असेन. आणि डॉर्कस, पाऊस असला तरी टोपी हातात असेल.

तू म्हणशील तर तुझाच, नाहीतर परका,
हॉरेस